पत

बँकेतल्या बाई चांगल्या होत्या, हेस्दी सांगतो.
पाणी विचारलं, खुर्ची पुढे केली,
मग म्हणाल्या, पगाराची चिठ्ठी?
तो म्हणाला, मला पगार कोण देणार,
लोकांचे एसी बिघडतात, मी जातो.
बरं, मग मालकाचं पत्र?
मालक मीच.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
स्वतःचं पत्र स्वतःलाच, ते काही चालत नाही.

हे चाललेलं असताना
त्याचा एक कान खिडकीबाहेर होता.
बाहेरच्या यंत्राच्या पोटात
दर अकरा-बारा सेकंदांनी उचकी.
कॉम्प्रेसर. फार तर सहा महिने.
तो बोलला नाही.
बोलला असता तर वाटलं असतं
अडलेला माणूस काहीतरी विकतोय.

पारामारिबोत उन्हाळा वेगळा येत नाही,
तो बारा महिने मानेवर बसलेला.
कामाला तोटा नव्हता. पंप नव्हता.
मित्राचा आणायचा, तर मित्र निकेरीला गेला,
पंपासकट.

मग लुडविनाबाई.
कस्टममधून निवृत्त, गुडघे दुखरे, अक्षर मोत्यासारखं.
दहा जण, महिन्याला दोन हजार डॉलर, सुरिनामी,
आणि दर महिन्याला सगळी रास एकाच्या हातात.
तिकडे कासमोनी म्हणतात.
आपण भिशी म्हणालो असतो
आणि तीच लांबट वही काढली असती.

त्यांनी कागद एकही मागितला नाही.
एका संध्याकाळी न सांगता घरी आल्या,
पाने भिंतीवर मापाने टांगलेत का, पाहिलं.
जाताना कुंपणावरून शेजाऱ्याला विचारलं,
हा तुमची शिडी नेतो ना?
परत आणतो का?
शेजारी म्हणाला, आणतो. पुसून आणतो.
झाली चौकशी.

भाताच्या वाडग्यातून चिठ्ठ्या काढल्या.
हेस्दीला दहावी.
दहा महिने म्हणजे
पंपाशिवाय तीनशे दुपारी.
दुसरी चिठ्ठी सुकीनेमची,
बाजारामागे साओतोचं सूप विकते ती.
तिने त्याचं तोंड पाहिलं, चिठ्ठी पुढे सरकवली.
माझी चूल जुनी आहे, पण पेटते.
फुकट नाही हं.
महिन्यातून एकदा माझा फ्रीज बघायचा,
आणि तोंड पाडून नाही बघायचा.

चौथ्या महिन्यात वागिमानचे पैसे उशिरा आले.
लुडविनाबाईंनी स्वतःचे घातले,
वहीत शाई निळीच ठेवली,
आणि पुढचे दोन महिने
वागिमानच्या नमस्काराला फक्त मान हलवली.
एवढ्या दंडाने तो वाळला.

पाचव्या महिन्यात बँकेचा फोन.
बाईंच्या आवाजात घाम.
हेस्दी गेला, नवा पंप लावला,
उचकी ज्या जागी वाटली होती तिथेच सापडली.
दुपारी चारला सगळ्या टेबलांवरचे कागद
पुन्हा वाऱ्याने हलू लागले.
बिल दिलं.
बाईंनी शिक्का मारला, चांगुलपणानेच म्हणाल्या,
पैसे पंचेचाळीस दिवसांनी.
आमची पद्धतच आहे.

जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं
की आता पंचेचाळीस दिवस
बँक त्याची देणेकरी.
आणि त्याने तर त्यांच्याकडे
साधी पगाराची चिठ्ठीही मागितली नव्हती.

हे तो हसत सांगतो, दर वेळी थोडं वाढवून.
पुढचं मात्र सांगत नाही, ते मला सुकीनेमने सांगितलं.
त्या शनिवारी कासमोनी भरायची होती
आणि खिशात बसभाड्यापुरतं होतं.
वहिनीकडून त्याने उसने घेतले,
लुडविनाबाईंच्या ओट्यावर मोजून ठेवले,
दिवस मावळायच्या आत,
आणि बसला नाही.
खांद्यावर शिडी होती,
ती पुसायची होती अजून.